हत्ती खरा होता

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ३६, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. त्यांचा धाकटा भाऊ २८ वर्षांचा. पाच वर्षांपासून तो पुण्यात राहून एमपीएससीची, म्हणजे राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करतो. खोली, मेस आणि अभ्यासिकेसाठी ताई दर महिन्याला ८,००० रुपये पाठवतात, वडील, म्हणजे अण्णा, जमेल तशी भर घालतात. गावात अण्णा त्याला कौतुकाने 'आमचे साहेब' म्हणतात.

मध्यंतरी एका लग्नासाठी ताई पुण्याला गेल्या होत्या. न कळवता नव्या पेठेतल्या त्याच्या खोलीवर गेल्या, तर तिथे दुसरीच मुलं. त्यांतला एक जण म्हणाला, "तो आठ महिन्यांपूर्वीच सोडून गेला. कुठेतरी नाइट शिफ्टला जातो म्हणे. मागच्या प्रिलिमचा फॉर्म पण भरला नव्हता त्याने." अभ्यासिकेतली त्याची जागाही कधीच दुसऱ्याला दिलेली. ताई त्या अभ्यासिकेच्या जिन्याखाली उभ्या असतानाच त्याचा फोन आला: "ताई, आज दिवसभर लाइट ये-जा करतीये. सगळे इन्व्हर्टरवर बसलोय. पण इतिहासाचं रिव्हिजन संपवूनच उठणार." वर अभ्यासिकेतले दिवे लख्ख चालू होते.

ताईंनी "बरं, जेवलास का?" एवढंच विचारलं. अजून घरात कोणाला काही सांगितलेलं नाही. त्या विचारतात: लहानपणी पाटीवरची पेन्सिल चोरली तरी रडत येऊन सांगणारा हा मुलगा इतकं सफाईदार खोटं कुठे शिकला? डोळ्याला डोळा भिडवून बोलायचा, मग मला कसं कळलं नाही? आता त्याला पकडायचं कसं? आणि अण्णांना सांगायचं का?

ताई,

त्या जिन्याखाली तुम्ही "जेवलास का" विचारलंत, त्याबद्दल तुम्ही स्वतःला पत्रात 'भित्री' म्हटलं आहे. मला ते तसं वाटत नाही. तिथल्या तिथे फोनवर स्फोट झाला असता, तर त्याच्या हाती फोन कट करण्याचं बटण होतं आणि तुमच्या हाती काहीच नव्हतं. तुम्ही वेळ मिळवलात. तो कसा वापरायचा ते पुढे बोलू.

आधी तुमच्या एका वाक्याशी थोडं भांडते. तुम्ही लिहिलंय, 'इतका बारीक तपशील कोणी खोटा सांगेल असं वाटलंच नाही.' आपल्या सगळ्यांच्या डोक्यात खोट्याचं एक चित्र असतं. खोटं म्हणजे पोकळ, बोलाची कढी आणि बोलाचाच भात. चांगली थाप तशी नसते. ती बहुतांशी खऱ्याचीच बनलेली असते, आणि म्हणून पचते.

'नरो वा कुंजरो वा' आपण हल्ली टोलवाटोलवीच्या अर्थाने म्हणतो. पण मुळात ती एका फार विचारपूर्वक रचलेल्या खोट्याची गोष्ट आहे. द्रोणाचार्यांनी शस्त्र खाली ठेवावं म्हणून 'अश्वत्थामा मेला' अशी नुसती आवई उठवून भागलं नसतं. भीमाने त्या नावाचा हत्ती आधी खरोखर मारला, मग आरोळी ठोकली. द्रोणांना शंका आली, तेव्हा जो खोटं बोलत नाही अशी ख्याती होती त्या धर्मराजाला त्यांनी विचारलं. धर्मराजही शब्दशः खरंच बोलला, फक्त 'हत्ती' हा शब्द ऐकू जाणार नाही इतका हळू आला. या सगळ्या प्रकारात निखालस खोटं असं वाक्य शोधू गेलात तर हाती लागत नाही. मध्ये खऱ्या हत्तीचं धूड पडलेलं आहे ना.

तुमच्या भावाकडे असे हत्ती दोन-तीन तरी होते. पहिला म्हणजे, २५ ऑगस्ट २०२४ ला ठरलेली पूर्व परीक्षा, म्हणजे प्रिलिम, पुढे ढकलली गेली. त्याच दिवशी आयबीपीएसची बँकेची परीक्षा येत होती. मुलं पुण्यात शास्त्री रस्त्यावर बसली, आयोगाने तारीख बदलली आणि परीक्षा १ डिसेंबरला झाली. हे सगळं तुम्ही टीव्हीवर पाहिलंत, शिवाय त्याने तुम्हाला आंदोलनातला स्वतःचा फोटोही पाठवला होता. फोटो खराच असणार. पण त्या फोटोवरून तो त्या रात्री शास्त्री रस्त्यावर होता एवढंच कळतं. त्याने फॉर्म भरला होता की नाही, हे त्यात कुठे आहे? तुम्ही मात्र त्या फोटोवरून पुढचं सगळं मानून घेतलंत. ते तुमच्याकडून आपोआप झालं, आणि तसं होईल हे त्याला ठाऊक होतं.

दुसरा हत्ती नव्या पॅटर्नचा. २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक होणार म्हणून 'सगळा अभ्यास नव्याने, वेगळा क्लास, १५ हजार'. पॅटर्न खरंच बदलला, त्यावर पुण्यात २०२३ मध्ये आंदोलनही झालं होतं. तिसरा हत्ती, 'अंतिम उत्तरतालिकेत आयोगाने प्रश्न रद्द केले, त्यात माझे दोन मार्क गेले.' प्रश्न रद्द होतात, त्यावर मुलं चिडतात, हेही खरं. शिवाय दोन मार्क हा आकडा बघा. सामान्य अध्ययनाच्या पेपरात १०० प्रश्न आणि २०० गुण, म्हणजे दोन मार्क म्हणजे नेमका एक प्रश्न. चाळीस मार्कांनी हुकली म्हटलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, 'सोड आता, घरी ये.' दोन मार्कांनी हुकलेल्या मुलाला घरी बोलावणं तुमच्या जिवावर आलं असतं.

तुमच्या पत्रातली आणखी एक गोष्ट माझ्या मनात घर करून बसली आहे. त्याने अण्णांना हेच अपयश वेगळ्या शब्दांत सांगितलं: 'अण्णा, पीक हाताशी आलं होतं, काढणीच्या तोंडावर अवकाळी झाला.' तुम्हाला मात्र उत्तरतालिका, कटऑफ, वजा गुणांची पद्धत. तुम्ही शिक्षिका, तुम्हाला मार्कांची भाषा. अण्णा शेतकरी, त्यांना अवकाळीची. थाप अशी ऐकणाऱ्याच्या मापाने बेतलेली असते. अवकाळीने गेलेल्या पिकाचा दोष शेतकऱ्याला कोणी देत नाही, हे अण्णांना दुसऱ्या कोणी सांगायला हवं का? शिंपी कितीही हुशार असला तरी माप गिऱ्हाइकाकडून घेतो, आणि तुमच्या घरचं माप त्याला लहानपणापासून पाठ आहे. दुसरं कोणी तुम्हाला इतकं सहज फसवू शकलं नसतं, याचं कारण हेच.

शिवाय त्याने अधूनमधून स्वतःची एखादी चूकही कबूल केली होती. 'सीसॅटला, त्या दुसऱ्या पेपरला, मी उगाच जास्त वेळ दिला, माझंच चुकलं.' जो माणूस आपली चूक आपण होऊन सांगतो त्याच्यावर आपण पटकन विश्वास ठेवतो. छोटी कबुली पुढे केली की मोठ्या गोष्टीकडे कोणी बघत नाही. हे सगळं त्याने मुद्दाम कागदावर मांडून ठरवलं असेल असं मला वाटत नाही. एकदा जे खपलं ते माणूस पुन्हा करतो, आणि पुन्हा करता करता हात बसतो.

आता तपशिलाबद्दल. त्याने सांगितलेलं १ डिसेंबरच्या परीक्षेच्या दिवसाचं वर्णन तुम्ही पत्रात जवळजवळ पानभर उतरवलं आहे. बाक डुगडुगत होता, खाली कागदाची घडी लावली. पर्यवेक्षक सारखे फेऱ्या मारत होते. शेजारच्या मुलीने पेपर हातात आल्यावर डोळे मिटून हात जोडले. डोक्यावरचा पंखा बंद, घामाने उत्तरपत्रिकेवर डाग पडेल म्हणून हाताखाली रुमाल घेतला. छान आहे, डोळ्यांसमोर उभं राहतं. आता यात काय नाही ते बघा. परीक्षा केंद्राचं नाव नाही. बैठक क्रमांक नाही. बरोबर कोण गेलं होतं, त्याचं नाव नाही. प्रवेशपत्राचा उल्लेखसुद्धा नाही. बाकाखालची घडी जगात कोणाला तपासता येत नाही. बैठक क्रमांक सांगितला असता, तर तुम्ही 'प्रवेशपत्र दाखव' म्हणून तो ताडून बघू शकला असतात.

ब्रिटनमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठाचे आल्डर्ट व्रिज आणि त्यांच्या सहकारी गालित नहारी या मानसशास्त्रज्ञांनी नेमका याच गोष्टीचा अभ्यास केला आहे. खोटं बोलणाऱ्याची दोन्हीकडून अडचण होते, असं त्यांचं म्हणणं. तपशील कमी दिला तर संशय येणार, जास्त दिला तर कोणीतरी तपासणार. मग तो भरपूर तपशील देतो, पण तपासता न येणारा. खरं बोलणाऱ्याच्या बोलण्यात मात्र नावं, वेळा, बरोबरची माणसं, पावत्या असं काहीबाही आपोआप येत जातं, कारण ते लपवायचं त्याला कारणच नसतं. म्हणून तपशील किती आहे हे मोजू नका, ताई. तो कुठे येऊन थांबतो ते बघा.

आणि तो पंखा! पुण्यात १ डिसेंबरला पेपर लिहिताना घामाने डाग पडायची भीती? त्याच्या आधीची पूर्व परीक्षा जून २०२३ मध्ये होती, आणि ती त्याने दिली होती असं तुम्हीच लिहिलंय. तो घाम जूनचा असावा, असा माझा अंदाज आहे. माणसं खोटं रचताना हवेतून फारसं काही आणत नाहीत. स्वतःचाच एखादा जुना खरा दिवस उचलतात आणि त्याच्यावर नवी तारीख टाकतात. म्हणून तर सांगताना चेहरा, आवाज, हातवारे सगळं खरं वाटतं. पण एवढ्यावरून 'सापडला!' म्हणू नका. बंद खोलीत चाळीस पोरं बसली की डिसेंबरातही घाम येऊ शकतो.

फॉर्म भरला नाही, हेही तुम्ही एका अनोळखी मुलाच्या तोंडून ऐकलं आहे. खोली सोडली, अभ्यासिका सोडली आणि फोनवर खोटं बोलला, या तीन गोष्टी तुम्ही स्वतः पाहिल्या-ऐकल्या. बाकीचं अजून ऐकीव आहे. दोन्ही वेगळं ठेवा.

डोळ्याला डोळा भिडवून बोलायचा, याचं तुम्हाला फार लागलंय. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत ५८ देशांतल्या लोकांना विचारलं होतं, खोटं बोलणारा कसा ओळखता? सगळ्यांत जास्त आलेलं उत्तर, 'तो नजर चुकवतो.' हे साऱ्या जगाला माहीत आहे, म्हणजे खोटं बोलणाऱ्यालाही माहीत आहे. तो मुद्दाम नजर भिडवतो. उलट खरं सांगणारा आठवायला म्हणून छताकडे बघतो, मध्येच म्हणतो, 'नाही नाही, ते आदल्या दिवशीचं,' आणि 'आता आठवत नाही बाई' म्हणून मोकळा होतो. शाळेत तुमच्यासमोर रोज पोरं उभी राहत असतील. जे अडखळत सांगतं त्याच्यावर आपण चिडतो आणि जे घडाघडा बोलतं त्याला बसायला सांगतो, असं होतं का, ते जरा बघा. मी स्वतः कितीदा तसं केलंय.

'मला कसं कळलं नाही' याचंही उत्तर २००६ च्याच आणखी एका कामात आहे. दोनशेहून अधिक अभ्यास आणि चोवीस हजारांवर माणसं एकत्र धरून अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी हिशेब केला, की नुसतं बघून-ऐकून खरं-खोटं ओळखायला सांगितलं तर लोक किती वेळा बरोबर येतात. १०० पैकी ५४. नाणं उडवलं असतं तरी पन्नास आले असते. तेव्हा मूर्ख म्हणून स्वतःला मारून घेणं आता थांबवा.

आता पकडण्याविषयी. मोबाइलवर फिरणारा तो विनोद तुम्ही वाचला असेलच. चार पोरं परीक्षेला दांडी मारतात आणि 'गाडीचं टायर फुटलं' म्हणून सरांना सांगतात. सर म्हणतात, हरकत नाही, उद्या द्या. चौघांना चार खोल्यांत बसवतात. पहिला प्रश्न पाच मार्कांचा, सोपा. दुसरा पंच्याण्णव मार्कांचा: कुठलं टायर? या विनोदामागे बरंच शहाणपण आहे. व्रिज यांनी २००९ मध्ये असाच प्रयोग केला. काही जोड्या खरोखर हॉटेलात जेवून आल्या होत्या, काहींनी तशी नुसती बतावणी केली. काय खाल्लं, काय बोललात, याची उत्तरं बतावणीवाल्यांनी आधीच ठरवून ठेवली होती. पण हॉटेलाचा नकाशा काढा, कोण कुठे बसलं होतं ते दाखवा, असं एकेकट्याला सांगितलं तेव्हा चित्रं जुळेनात. अशा न अपेक्षिलेल्या प्रश्नांच्या जोरावर, मुख्यतः चित्रांवरून, १०० पैकी ८० पर्यंत जोड्या बरोबर ओळखता आल्या.

याच वळणाची दुसरी युक्ती स्वीडनमधल्या संशोधकांची. आपल्याकडे पुरावा आहे हे आधी सांगायचं नाही, समोरच्याला मोकळेपणाने बोलू द्यायचं, आणि त्याची गोष्ट पुराव्याशी कुठे अडते ते बघायचं. शिकाऊ पोलिसांना ही पद्धत शिकवली तेव्हा त्यांचे अंदाज सुमारे ८५ टक्के बरोबर आले, न शिकवलेल्यांचे ५६ टक्के.

लग्नाचं स्थळ बघताना, कोणाला उसने पैसे देताना, प्लॉटचा व्यवहार करताना वाचकांनी या दोन्ही युक्त्या खुशाल वापराव्यात. 'पगार किती' याचं उत्तर पाठ असतं. 'ऑफिसला कसे जाता, किती वाजता निघता, दुपारचा डबा कुठे खाता' याचं पाठ नसतं, आणि ते विचारणं वावगंही दिसत नाही. तिथे संकोच नको.

पण तुम्ही त्या तुमच्या भावावर वापरू नका. तुम्ही लिहिलंय, 'एकदा विचारून बघते, अभ्यासिकेत कुठल्या नंबरला बसतोस, बघू काय सांगतो.' काय सांगेल? सांगेल काहीतरी, सतरा नंबर. मग? तुम्हाला ठाऊक असलेलीच गोष्ट पुन्हा कळेल आणि त्याच्या खात्यावर आणखी एक खोटं जमा होईल. उत्तर माहीत असताना विचारलेला प्रश्न हा सापळा असतो. पोलिसाला सापळा लावावा लागतो, कारण त्याला ते उद्या कोर्टात सिद्ध करायचं असतं. तुम्हाला कोणापुढे काय सिद्ध करायचं आहे? प्रत्येक नव्या थापेने त्याचा परतीचा रस्ता लांबतो, आणि तो कधीतरी परत यावा असं तुम्हाला वाटतंय. वाटत नसतं तर तुम्ही मला पत्र लिहिलं नसतंत, सरळ अण्णांना सांगितलं असतंत.

फोनवर बोलू नका. सणाला घरी आला की सगळ्यांसमोर विषय काढू, असाही तुमचा एक विचार दिसतो, तो सोडून द्या. भरल्या घरात उघडा पडलेला माणूस एकतर ओरडतो नाहीतर निघून जातो. एखादा रविवार बघून सकाळच्या गाडीने पुण्याला जा. एकट्या. आदल्या दिवशी त्याला कळवा, कारण हा छापा नाही. आणि सुरुवात प्रश्नाने करू नका, तुम्हाला जे माहीत आहे ते सांगून करा: 'मी त्या दिवशी नव्या पेठेत आले होते. अभ्यासिकेच्या जिन्याखाली उभी होते तेव्हा तुझा फोन आला.' एवढंच. मग गप्प बसा. ही शांतता फार जड जाईल, पण ती तुम्ही भरू नका. तुम्ही भरायला लागलात, 'मला माहितीये तुला टेन्शन असेल, अण्णांचा स्वभाव तसा, तू मुद्दाम नसशील केलं', की त्याला तयार गोष्ट मिळाली. तो नुसता मान हलवेल.

पहिला प्रश्न 'का?' नको. 'का' विचारलं की माणूस बचाव रचायला बसतो. 'कधीपासून?' विचारा. तारखा, जागा, नोकरी कुठली, राहतो कुठे, देणं किती. हे सगळं बैठक क्रमांकासारखं आहे, तपासता येणारं. तो स्वतःहून तपासता येण्याजोगं बोलू लागला तर ती चांगली खूण समजा.

बहुधा तो आधी अर्धंच सांगेल. 'खोली सोडली, पण अभ्यास चालूच आहे.' किंवा 'फक्त ही एकच प्रिलिम नाही दिली.' त्यावर लगेच 'पुन्हा खोटं!' म्हणून उसळू नका. अर्धी कबुली देणाऱ्यांचा अभ्यास झालेला आहे, २०१४ मध्ये. ज्यांनी थोडं सांगितलं आणि थोडं दडवलं, त्यांना पूर्ण कबूल करणाऱ्यांपेक्षा मागाहून जास्त वाईट वाटत राहिलं. हे त्याला ऐकवायची गरज नाही. एवढंच म्हणा, 'अजून काही असेल तर आजच सांग. आज मी काहीही ऐकायला आले आहे. नंतर कळलं तर मला त्रास जास्त होईल.' आणि खरोखर ऐका. कर्ज असेल, मोबाइलवरचं कर्जाचं ॲप असेल, ऑनलाइन जुगार असेल, किंवा यांपैकी काहीच नसून एखाद्या गोदामातली रात्रपाळी असेल. मला या शेवटच्या शक्यतेची आशा आहे, पण ती आशाच.

पैसे? भेटीच्या आधी बंद करू नका, ती आगाऊ शिक्षा होईल आणि तो सावध होईल. भेटीनंतर 'अभ्यासासाठी' म्हणून एक रुपयाही पाठवू नका. जगायला हवे असतील तर जगण्यासाठी म्हणून द्या, किती महिने ते ठरवून. परीक्षा पुन्हा द्यायची असं तो म्हणाला, तर फॉर्म भरल्याची पावती आणि प्रवेशपत्र घरी यायला हवं, आईने देवासमोर ठेवायला म्हणून. ज्या घरांतली मुलं आज बाहेरगावी तयारी करत आहेत त्या सगळ्यांनी हा रिवाज संशय यायच्या आधीच पाडावा. मग तो अपमान वाटत नाही. दुकानदार रोज गल्ला मोजतो, तेवढंच ते.

अण्णांना सांगायचं का? सांगायचं, पण त्याने. तुम्ही त्याला मुदत द्या, समजा एक महिना. 'तू सांग, मी शेजारी बसेन. नाही सांगितलंस तर मी सांगेन, आणि हे मी आजच तुला सांगून ठेवते.' मुदत बोलायचीच म्हणून बोलू नका. ती पाळणार नसाल तर मुळात देऊच नका, नाहीतर त्याच्या खोट्यात तुमची भागीदारी सुरू होईल, आणि तुम्ही आठवडाभर गप्प राहून ती कशी जड होते ते पाहिलंच आहे.

एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं, लिहिते. पाच वर्षांत तुमच्या फोनवर दोनच प्रश्न असायचे, असं तुमच्याच पत्रावरून दिसतं. 'अभ्यास कसा चाललाय?' आणि 'जागा कधी निघतायत?' यांत 'मी थकलो, सोडतोय' हे उत्तर बसायला जागा नव्हती. गावात 'आमचे साहेब' म्हणून ओळख झालेल्या मुलाला तर नाहीच. खोटं बोलण्याचा दोष त्याचाच आहे, तो तुमच्या गळ्यात बांधण्याचा माझा इरादा नाही. पण रविवारी त्याच्यासमोर बसाल तेव्हा ते उत्तर तुम्हाला ऐकता येईल का, हे आधी स्वतःशी तपासून जा. 'सोडलं' म्हणाला तर तुमचा चेहरा कसा होईल? त्याला तुमचा चेहरा वाचता येतो, हे आता दोघांनाही माहीत आहे.

आणि सावध राहा एका बाबतीत. इतके दिवस लपवलेलं उघड झालं की काही मुलं आतून कोसळतात. 'आता तोंड कुठे दाखवू', 'मी नसतो तर बरं झालं असतं' असं काही तो बोलला तर बाकी सगळे हिशेब बाजूला ठेवा. त्या रात्री त्याला एकटं सोडू नका. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक सरकारी आहे, विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. तो बोलणार नसेल तर तुम्ही लावा.

राहिला तुमचा शेवटचा, ओळीच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलेला प्रश्न: 'मग त्याने आजवर सांगितलेलं सगळंच खोटं होतं का?' नाही. वर एवढं लिहिलं ते त्यासाठीच. बाक खरा असेल, घाम खरा असेल, हात जोडणारी मुलगी खरी असेल. तुम्ही लिहिलंय की कोपऱ्यावरच्या चहावाल्याच्या मुलीचं दहावीचं गणित तो दोन महिने घेत होता आणि ती पास झाली तेव्हा त्याला फुकट क्रीमरोल मिळाला. ही गोष्ट सांगून त्याला काहीच मिळवायचं नव्हतं, आणि चहावाला तर जागेवर असणार, कधीही जाऊन विचारता येईल असा. रविवारी त्याला भेटायला तिथेच बोलवा. थोड्या आधी पोचा, एक कट चहा घ्या, आणि मुलगी आता कुठल्या कॉलेजला आहे ते विचारून बघा.